परतूरचे कॅटेगरी काका

कॅटेगरी काका कुणालाही 'कसं काय?' म्हणून विचारत नसत. आधी 'जयभीम', आणि लगेच अंगठ्याने समोरच्याची पापणी खाली ओढून डोळ्यात बघणं. मग भर बाजारात निकाल, "कॅटेगरी एक. बिलकुल फिट!" लग्न होऊन मी परतूरला आले आणि त्यांच्या पाया पडले, तेव्हा आशीर्वादाच्या आधी माझीही पापणी ओढली गेली. "सूनबाईत रक्त कमी हाय. तात्पुरती कॅटेगरी दोन. गूळ-शेंगदाणे खा, दिवाळीनंतर फेरतपासणी." सगळे खो खो हसले. मी लाजेने लाल. दिवाळीनंतर ते खरोखर आले, आणि मला कॅटेगरी एकमध्ये चढवताना माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला.

ते आमचे शेजारी. हवाईदलाच्या दवाखान्यात जवानांचे तब्येतीचे कागद सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. तिथे तब्येत पाहून प्रत्येक जवानाला कॅटेगरी देत, तीच सवय त्यांना लागलेली. "माणसाची बदली झाली का त्याची वळकटी मागं ऱ्हाली तरी चालंल," ते म्हणत, "कागद बराबर पोचले पाह्यजेत."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान हवाईदलात जमिनीवरच्या कामाला होते. विमानात बसून जाणाऱ्या चमूसाठी त्यांची निवड झाली. फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती. रजेवर आले तेच उडत आल्यासारखे. आणि रजा संपता संपता त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ!

सासूबाई गावठी औषधाची माहिती काढू लागल्या. यांचा बेत वेगळाच होता. काळा चष्मा लावून कामावर हजर व्हायचं, कुणाला काही सांगायचं नाही. "एकदा कागदावर आलं की विमान गेलं हातचं," एवढंच ते म्हणत राहिले. मी सरळ शेजारी गेले आणि काकांना घेऊन आले.

हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकांनी खांद्याला धरून वळवलं, डोळे पाहिले, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"काय करून राह्यला रे तू? आजारी पडणं गुन्हा न्हाई. लपवणं गुन्हा हाय."

"काका, अनफिट लिहितील मला."

"लिव्हू दे! अनफिट झालेल्याला फिट करायचा नियम हाय. खोटं बोललेल्यासाठी कोणता नियम सांगू? अन् वर विमानात तू एकटा नसतोस. तुला चक्कर आली तर बाकीच्यांनी काय करायचं?"

हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं.

मग काकांनी अशी धावपळ उडवून दिली की विचारू नका. रजेवर जवान आजारी पडला तर त्याने जवळच्या लष्करी रुग्णालयात हजर व्हायचं आणि तुकडीला कळवायचं, हा नियम. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला घेतला, पोस्टात जाऊन तार केली, आणि टांग्यातून आम्ही स्टेशनवर पोचलो तर औरंगाबादच्या गाडीने शिट्टी दिलेली! काका गार्डाच्या डब्याकडे हात उंचावून पळत सुटले. "ठैरो! पेशंट हाय, पेशंट!" गार्डाने हिरवी झेंडी खाली घेतली. मी यांना अक्षरशः डब्यात ढकललं. काका शेवटी चढले, धापा टाकत, पण चेहरा असा खुललेला की जणू पुन्हा नोकरीवर रुजू झाले.

छावणीतल्या रुग्णालयात यांना भरती करून घेतलं. तात्पुरती खालची कॅटेगरी मिळाली, पुढे आजारपणाची रजा. ती रजा परतूरला काढताना काकांचा पहारा होता. एकदा यांच्या हातातली गरम भजी त्यांनी हिसकावली आणि उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकली. "माझं लिव्हर पेन्शनीत हाय," म्हणाले.

फेरतपासणीला हे गेले. दिवस जाता जाईनात. अखेर तार आली, 'फिट. पुढच्या चमूत निवड.' मी वाचायचा अवकाश, काका अनवाणीच रस्त्यावर! कापसाच्या बाजारापर्यंत ते ओरडत गेले, "आपलं पोरगं उडणार! परतूरचं पोरगं उडणार!" अडते गाद्यांवरून उठून बाहेर आले.

पुढच्या रजेत हे काकांच्या ओसरीवर बसून पहिल्या उड्डाणाची हकिगत सांगत होते. काका मध्येच म्हणाले, "ढगात शिरल्यावर काही वास येतो का रे?"

हे चमकले. "काका, तुम्ही कधीच...?"

"न्हाई. आमच्या दवाखान्यावरून जायची विमानं. आवाजावरून वळखायचो कोणतं हाय ते. बसायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं." आणि लगेच पुढे सरकून, "बरं, मंग? ढगातून वर निघाल्यावर काय दिसलं?"

यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. चहा निवून गेला. काका डोळे मिटून ऐकत होते, आणि यांनी विमान वळलं म्हटलं की नकळत त्या बाजूला कलत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काका गेले. हे पुढे बरीच वर्षं उडत राहिले, देशभर हिंडले. पण त्या दुपारी ओसरीवर जसं सांगितलं, तसं पुन्हा कुणाला सांगताना मी त्यांना ऐकलं नाही.