शिट्टी तोंडातच राहिली

अमरावती–अकोला एसटीची कंडक्टर माया फार मिजासखोर, असं डेपोत म्हणत. हाक मारली तर कधीकधी बघतसुद्धा नाही म्हणे! चहाच्या टपरीवर तर तिचं कुणाशी जमलंय इथवर मजल गेली होती. जिभेला कुठं तिकीट लागतं?

खरी गोष्ट मायालाच ठाऊक. दोन वर्षांपूर्वी तिच्या गाडीवर टँकर आदळला, ती तासभर पत्र्यात अडकली. तेव्हापासून कुठं ब्रेक करकचला की हातपाय दगड होत. दिसे सगळं, ऐकू येई सगळं. बोट हलत नसे. डेपोत कळलं तर गाडीवरून उतरवतील, या धाकानं तिनं मिजासखोर ठरणंच पत्करलं.

त्या दुपारी मूर्तिजापूर स्टँडवर गाडी फलाटातून मागं घ्यायची होती. माया मागं उभी राहून शिट्टी मारत होती. आखूड शिट्ट्या म्हणजे येऊ द्या, लांब म्हणजे थांबा. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा ब्रेक किंचाळला.

माया गोठली.

आणि नेमकी तेव्हाच तानुबाई भाजीवाली, टोपलीतून सांडलेली लिंबं वेचत, वाकून थेट गाडीच्या मागं आली. माया पाहत होती. शिट्टी ओठांत, श्वास छातीत बंद. चाक फिरत होतं. दहा हात. पाच हात. बाईचं लक्ष लिंबात.

गाडी हिसका देऊन थांबली. ड्रायव्हर नत्थुजी जुन्या वळणाचे: शिट्टी तुटली की पाय ब्रेकवर, कारण मागाहून विचारायचं.

"मिरगी हाय वं बाईले!" तानुबाईच ओरडली, आपण कशातून वाचलो याचा तिला पत्ताच नव्हता. "कांदा फोडा! चप्पल हुंगवा!" आणि स्वतःचीच चप्पल तिनं मायाच्या नाकाशी धरली.

नत्थुजी धावत आले. "काहून वं पोरी, चक्कर आली का? जेवली नसशीन सकायपासून."

हो म्हटलं की सुटली असती. जीभ मोकळी झाली तेव्हा माया तानुबाईकडे पाहत होती.

"चक्कर नाही काका, मिरगी बी नाही. त्या टँकरपासून ब्रेक वाजला का माह्या हातापायात जीवच राहत नाही. दोन साल झाले, लपवून राहिली."

"हळू बोल! डेपोत कयलं तं टेबलावर बसोतीन तुले."

"बसवू द्या. फोन लावा, दुसरा कंडक्टर मागवा. मी आता शिट्टी मारत नाही."

नत्थुजींनी फोन काढला, पण नंबर लावेनात. मायानं तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच लावला.