चिऱ्यावर ठेवलेली गाडी

मंडळी, दुपारी तोंडवलीत आमच्या अंगणात घडलं ते सांगतो.

गाडीच्या पुढच्या चाकाकडून खडखड आवाज येत होता. शेजारच्या बस्त्यांवकाकांनी त्यांचा चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक आणला. खाली रेती, म्हणून मी जाड फळी टाकली. गाडी नीट उचलली, चाक काढलं. मग काकांनी तिच्याखाली घरबांधणीतला जांभा दगडाचा चिरा सरकवला आणि जॅक काढून घेतला.

"काकानू, जॅक ऱ्हवांदेत. लोखंडी स्टँड हाडूया."

"कित्या भितंस रे! चिऱ्यार अख्खा घर उभा आसा, तुझी गाडी रवाची नाय?"

ते टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. मी त्यांचा पाय धरला. "आधी गाडी हलवन बघतंय, मगे जावा."

"बघ, भित्र्या!" काका हसत बाहेर आले. टॉर्च आतच राहिली.

मी गाडीला जरासं ढकललं. चिरा मधोमध फुटला आणि गाडी धाडकन खाली बसली. टॉर्च चपटी झाली.

भिंतीत भार अख्ख्या चिऱ्यावर पसरतो. इथे तो गाडीच्या तळाच्या पत्र्याच्या अरुंद कडेतून चिऱ्याच्या एकाच रेषेवर आला होता.

काका पायरीवर बसले. टॉर्चकडे बोट दाखवत म्हणाले, "थंय माझा डोक्या होता रे."

आमच्याकडे अनेक अंगणांत गाडीला असाच चिरा लावतात. तुमच्याही अंगणात आहे का?