केस धरून ओढलं, तिथे लोक हसले

सिनेमात मी भूत होते. सिनेमा माझ्या चुलतभावाचा. तो गोव्यात सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर लग्नांचे व्हिडिओ काढू लागला आणि त्याच कॅमेऱ्यावर त्याने झपाटलेल्या घराची गोष्ट चित्रित केली. घर एका ट्रकवाल्या मित्राचं, रिकामं पडलेलं. आमच्या पार्से गावात बायकांच्या नाटकांत मी कामं करायची, म्हणून भूत मी.

पण हे भूत झालं कशाने, ते त्याला सुचेना. तेव्हा मी त्याला आक्काची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची हकीकत दिली. सासरी नवऱ्याने तिला केस धरून स्वयंपाकघरात फरफटत नेलं होतं आणि सासू दारात उभी राहून बघत होती. आक्का जीव वाचवून माहेरी आली. सिनेमातली सून मरते आणि त्या घरात राहायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. आक्काला मी आधी विचारलं होतं. "घाल," ती म्हणाली, "फक्त माझा नाव नको."

पहिला खेळ सुर्ल्यालाच झाला, रविवारी दुपारी. काळोख व्हावा म्हणून हॉलच्या खिडक्यांवर ट्रकच्या ताडपत्र्या बांधल्या होत्या. भुताला लोक हसणार हे मी धरूनच चालले होते. चेहऱ्याला फासलेली पावडर मानेपाशी संपत होती, ते मलाही दिसत होतं. पण हशा भूत यायच्या आधीच झाला. नवरा केस धरून ओढतो, तिथे. मागून शिटी आली. कोणीतरी म्हणालं, "आनी एक घाल रे तिका." आख्खा हॉल हसला. माझ्या शेजारची बाईसुद्धा, तोंडाला पदर लावून.

बाहेर चुलतभाऊ खुशीत उभा. "लोकांका आवडला गो."

"काय आवडलं? बाईला मारलेलं?"

"तसा नाय. हसले म्हणजे कंटाळले नाय."

मी त्याला बजावलं, पुढच्या खेळाआधी उभं राहून सांग, हे एका बाईने खरोखर सोसलेलं आहे. तो म्हणाला, "बघतंय."

पुढचा खेळ डिचोलीला. मी नको म्हणत असताना आक्का आली आणि पुढच्याच रांगेत बसली. चुलतभाऊ सुरुवातीला काही बोलला नाही. तो प्रसंग आला आणि त्याने काय 'बघितलं' ते मला कळलं. थोबाडीत बसते तिथे त्याने विदूषक आपटल्यासारखा आवाज घातला होता. केस ओढताना पिपाणी. लोक खुर्च्या बडवून हसत होते.

मी उठले आणि प्रोजेक्टरची पिन भिंतीतून उपटली.

आरडाओरडा झाला, दिवे लागले. मी म्हटलं, "आत्ता जे हसले, त्यांच्यातल्या एकाने उठून सांगावं, काय गंमत वाटली." मग कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ अगदी समजुतीने म्हणाले, "बाई, सिनेमा आहे तो. एवढं मनाला लावून घेऊ नये." शिट्यांपेक्षा मला त्या मऊ आवाजाचा संताप आला. चुलतभाऊ माझ्या हातातली वायर ओढत होता. "माझी लाज काढलंस," तो म्हणाला. त्याची लाज. मी वायर टाकली आणि आक्काला घेऊन बाहेर पडले.

म्हापशाच्या बसमध्ये आक्काने दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "कित्याक बंद केलंस गो? फुडे ती सगळ्यांका घाबरवता, ता माका बघूचा होता."

"आणि ते हसत होते ते?"

"हसतले. तेव्हापण शेजारी हसतच होते."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी तोंड खिडकीकडे केलं.

पुढे चुलतभावाशी भांडून मी पिपाणी नसलेली प्रत आणली. आक्काने ती ओसरीवर बसून माझ्या फोनवर बघितली. भुताला बघून नवरा पळत सुटतो आणि विहिरीत पडतो, तो भाग तिने पुन्हा लावायला सांगितला. ती हसली नाही. पावडर मात्र जास्त झाली म्हणाली.

पिपाणीवाला तुकडा अजून लोकांच्या फोनवर फिरतो. गणेशचवथीला एका नातेवाइकांकडे गेले होते, तिथे घरच्या जावयाने तो माझ्यासमोर धरला. "ही तुम्हीच ना?" म्हणाला आणि हसायला लागला. मी समोरचा चहा तसाच ठेवून उठले. त्या घरी मी परत गेलेले नाही.