कडुनिंबाखालची दोन फुलं

माझ्या मनात पाप होतं, ते आधी लिहिते. शेजारच्या सुनंदाताईंचा मला हेवा वाटायचा. त्याही माझ्यासारख्याच विधवा. तरी वाटायचा.

त्यांचे यजमान आणि आमचे हे, दोघंही खमरियाच्या कारखान्यात. दोघंही पनागरच्या रस्त्यावर एकाच वळणावर अपघातात गेले, वर्षभराच्या अंतराने. ते मोटारसायकलवर होते, हे पायी. मोहल्ल्याच्या समितीने वळणावर फलक लावला. त्यावर ताईंच्या यजमानांचा फोटो, नाव, आणि हेल्मेट घाला अशी विनंती. दरवर्षी हार, भाषण, ताईंना पुढची खुर्ची. एकदा धीर करून मी म्हटलं, आमच्या ह्यांचंही लावा. समितीतले एक जण म्हणाले, "भाभीजी, वो तो पैदल थे. हेल्मेट के बोर्ड पर कैसे लगाएँ?" मी मान खाली घालून परतले. ग्वारीघाटावर दिवा सोडताना नर्मदामाईला एकच मागायची, यांचं नाव कुठेतरी लागू दे.

यंदा हार घालताना ताई म्हणाल्या, "काहून मागे उभी राहून राहिली? ये ना पुढे." प्रेमानेच म्हणाल्या, पण मला टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो हार काढून फेकायला गेले.

हार हातात आला, तेवढ्यात मागून कुणी म्हणालं, "दीदी, दो फूल हमें भी दे दो. आज लाना भूल गए." पनागरची एक म्हातारी भाजीवाली होती. टोपली खाली ठेवून तिने समोरचा कडुनिंब दाखवला. "वहाँ रखते हैं रोज. एक भैया थे, पैदल कारखाने जाते थे. हम यहाँ सुस्ताते, तो टोकरी सिर पे चढ़वा देते. वहीं खतम हो गए बेचारे. नाम कभी पूछा नहीं."

ते आमचे हेच होते. घरी हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. क्षणभर मला तिचाही हेवा वाटला. मग लक्षात आलं, लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलंच नव्हतं. समितीपुढेही नाही, माईपुढेही नाही.

"दत्तात्रय," मी म्हटलं. "मेरे घरवाले थे."

तिने माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग हारातली दोन फुलं घेऊन कडुनिंबाखाली ठेवताना म्हणाली, "लो, दत्तात्रय भैया."

उरलेला हार मी जागेवर नीट घातला. ताईंची खुर्ची पाहून आजही कधी कळ येते, ती मी माईच्या पायाशी ठेवते. मी मागायच्या आधीपासून माई ह्यांना रोज फुलं पोचवत होती.

त्या सकाळी म्हातारी निघाली. टोपली जड होती. मी एका बाजूने हात लावला आणि तिच्या डोक्यावर चढवून दिली.