टेकडीचं चित्र की रुखवत?

आमच्या विजयाताईंना गाझियाबाद-नोएडाकडची मराठी मंडळी ‘रुखवतवाल्या काकू’ म्हणून ओळखतात. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की हॉलच्या आधी यांचं बुकिंग! साखरेचं तुळशीवृंदावन, कापडाची बाहुली, मण्यांची पालखी, सगळं यांच्या हातचं. मी त्यांची धाकटी जाऊ, शालिनी. मला त्या ‘रुखवतवाल्या’ नावाचा भयंकर राग येतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

कारण ताईंच्या मनात होतं चित्र काढायचं. लहानपण दिल्लीत हिंदूरावला गेलं, वडील तिथल्या इस्पितळात नोकरीला होते. शाळेतून आलं की समोर रिजचं, म्हणजे तिथल्या टेकडीवरचं जंगल. आई गेली तीही तिथेच. साठी उलटल्यावर एक दिवस ताईंनी मोठं जाड कापड जमिनीवर पसरलं आणि आईच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून टेकडी शिवायला घेतली. वरचं आकाश मात्र रंगाचं. रंगात खडूची पूड आणि डिंक घालून असा जाड थर दिला की हात फिरवला तर खरखरावा. टेकडी कुशीवर झोपलेल्या बाईसारखी, झाडांना पानंच नाहीत, आणि चढावर एक पांढरा मोर पाठमोरा चाललाय.

“रिजवर पांढरा मोर कुठे होता हो?” मी विचारलं.

“नव्हताच. पण आई गेली त्या संध्याकाळी असायला हवा होता.”



मग आमच्या मराठी मंडळाचं प्रदर्शन जाहीर झालं, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये. भिंतीवर चित्रं, टेबलांवर हस्तकला. ताईंची एकच अट होती, आपलं काम भिंतीवर लागलं पाहिजे. आयुष्यभर टेबलं सजवली, आता बास! आमचे चिटणीस हरिदास ‘बघू’ म्हणाले. हरिदासांचं ‘बघू’ म्हणजे काय ते सगळ्या मंडळाला माहीत आहे.

सकाळी ताई आणि मी पुढे गेलो, चित्र भाऊजी मेट्रोने आणणार होते. श्यामकांत भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, मंत्रालयातून निवृत्त झालेले, फार टापटिपीचे. रुमालाचीसुद्धा काय घडी घालतात! ताईंनी चित्र पाइपाला गुंडाळून ठेवलं होतं. पण एवढा लांब पाइप सिक्युरिटीवाले अडवतील, असं भाऊजींना वाटलं. कापडच आहे, म्हणून त्यांनी पाइप घरी ठेवला आणि चित्राची गोधडीसारखी छान, चौकोनी, दाबून घडी घातली.

हॉलमध्ये बॅग उघडली आणि माझ्या तोंडून “अगं बाई!” निघालं. आकाशाचे तुकडे बॅगेच्या तळाशी! प्रत्येक घडीवर रंग तडकला होता, उभ्या-आडव्या चिरा. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. “मला वाटलं... गोधडीला काय होतं...”

हरिदास मात्र चटकन म्हणाले, “चलो, हरकत नाही! रुखवताच्या टेबलावर अंथरू. वर पालखी ठेवली की चिरा दिसणार पण नाहीत.”

मी त्यांना चार शब्द सुनावणारच होते, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “शालिनी, सुई आण. पांढरा दोरा.”

“अहो, आणखी शिवलंत तर हरिदास म्हणतीलच हस्तकला!”

“म्हणू देत. आधी टांग ते.”

दोन पॅनेलच्या मधे मोकळी जागा होती. तिथे आम्ही ते पडद्यासारखं टांगलं. ताई पुढे, मी मागे. त्या सुई टोचायच्या, मी मागून ओढून परत पुढे द्यायची. धावदोरा! हरिदास दोनदा कापड काढायला आले, आणि दोन्ही वेळा मी मागून ओरडले, “सुई अडकलीय, हात लावाल तर टोचेल!” काय मजा येत होती म्हणून सांगू! मला पुढचं काहीच दिसत नव्हतं, नुसती सुई यायची आणि जायची. आधी टाके घडीवरून सरळ येत होते, मग वळायला लागले. पुढे लोक जमले, बडबड करू लागले, आणि हळूहळू गप्प झाले. मला राहवेना. दोरा संपला तशी पळत पुढे आले.

आकाशभर पांढऱ्या पायवाटा उमटल्या होत्या. चिरांवरून निघून त्या वळत वळत टेकडीवर उतरत होत्या, आणि सगळ्या त्या मोराच्या पायाशी पोचत होत्या. मी मोठ्याने रडायला लागले, मला लाज वाटली नाही.

परीक्षक म्हणून आलेली मैत्रेयी, दिल्लीत वाढलेली तरुण चित्रकार, अगदी जवळ गेली. “काकू, हे... यार, मला वर्ड नाही सापडत. हे इथेच राहू द्या, बिल्कुल हलवू नका.”

“पण मॅडम, हे शिवलेलं आहे,” हरिदास म्हणाले.

“हो ना! आणि रंगवलेलं पण. चित्रच आहे हे.”

झालं! पाच मिनिटांत हरिदासांनी स्वतःच्या हाताने ‘हात लावू नये’ अशी पाटी टांगली आणि समोर पहारा करत उभे राहिले. जणू यांनीच काढलंय!

भाऊजी पार दाराशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. ताईंनी त्यांना हाक मारली. ते येईनात, तेव्हा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या.

“लावा हात.”

“पाटी आहे ना...” भाऊजी पुटपुटले.

“पाटी इतरांना. तुम्ही लावा.”

भाऊजींनी आपण घातलेल्या घडीवरून बोट फिरवलं. टाक्यावरून टाक्यावर. त्यांचे डोळे भरून आले. “चुकलं गं माझं,” ते म्हणाले.

“चुकलंच,” ताई म्हणाल्या. “पुढचं चित्र याच्या दुप्पट आहे. ते गुंडाळून आणायचं, कळलं?”