बेसिनात गेलेला चीक

माझी लेक जन्मली ती दिवस भरायच्या कितीतरी आधी. मालवणच्या दवाखान्यात माझं पोट शिवून होईपर्यंत तिला कुडाळला काचेच्या पेटीत ठेवायला नेलंसुद्धा. मी तिचा एक पाय तेवढा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाटी धरली आणि मी छाती पिळली. जेमतेम तळ झाकेल एवढा पिवळा, घट्ट चीक आला. त्यांनी तो सरळ बेसिनात ओतला आणि वर नळ सोडला. "पयलो चीक जड आसता गो. चेडवाक सोसाचो नाय." एवढ्याशा पोरीला तो पचायचा नाही म्हणे.

तासाभराने कुडाळहून नवऱ्याचा फोन आला. लेकीचं पोट फुगलं होतं. त्याने फोन डॉक्टरीणबाईंकडे दिला, मी स्पीकर लावला.

"आतड्याचं आतलं ओलं अस्तर अजून कच्चं आहे," त्या म्हणाल्या. "त्यावर चिकट थर लागतो, जंतूंना धरून ठेवणारे रक्षक लागतात. हिच्याकडे ते नाहीत. जंतू आरपार रक्तात जातील. ते रक्षक आईच्या पहिल्या चिकात असतात. पाजायचा नाही, नुसता गालाच्या आत लावू. खात्री देत नाही, पण निघेल तेवढा पाठवा."

मी किंचाळलेच. "शेजाऱ्याची म्हस व्याली की खरवसाक तांब्यो घेवन धावतास, आणि माझो चीक बेसिनात?"

अख्खा वॉर्ड बघायला लागला. बघू दे!

सासूबाईंनी बेसिनाकडे पाहिलं. "म्हंजे चेडवाचो राखणदार मियांच वतलंय?" गावच्या वेशीवरच्या राखणदार देवाला दर वर्षी न चुकता नारळ देणारी बाई ती. मला कीव आली नाही. खरं सांगते, त्यांचा गळा धरावासा वाटला.

पुन्हा पिळायला बसले. टाके ओढत होते, थेंब येईना. देवाला, नवऱ्याला, स्वतःच्या छातीला शिव्या घातल्या. सासूबाई गरम पाण्यात टॉवेल बुडवून शेकत राहिल्या. शेवटी चमचाभर जमला. माझा दीर तो मासळीच्या बर्फात घालून कुडाळला पळाला.

टाके ओले असतानाच मी हट्टाने तिकडे गेले. लेकीचं पोट ताणून चकाकत होतं. "जगेल ना?" मी विचारलं. "आणखी फुगलेलं नाही. एवढंच सांगू शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नर्सने चिकात भिजवलेला कापूस माझ्या हातात दिला. मी तो गालाच्या आत टेकवला. काहीच नाही. परत टेकवला. मग तिची जीभ हलली, त्या गालाकडे वळली. मी कापूस तिथेच धरून ठेवला.

माझ्याबरोबर आलेल्या सासूबाई दाराच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्यांनी चपला काढल्या आणि मला हात जोडले.

मी बाहेर आले. "हात मगे जोडा," म्हटलं, "आदी वाटी धरा."