सेलिनचा फिंजान

सेलिन गेली, हे तिच्या मुलीने वसईहून फोन करून सांगितलं तेव्हा मी मटार सोलत होते. "मावशी, आई सकाळी गेली," एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलत बसले. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता तिला सांगायचं राहूनच गेलं... आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची दीड महिन्यानंतरही लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी कतारला, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत शिकवत होतो. शाळा म्हणजे भाड्याचा व्हिला, वर्गावर्गांत प्लायवूडच्या भिंती. माझ्या गणितात तिचं इंग्रजी सतत घुसायचं. सेलिन बोलघेवडी, पण तेवढीच भिडस्त. नवीन असताना शेजारच्या कतारी बाईंकडे कॉफीला गेली. फिंजान, म्हणजे बिनकानाचा इवलासा पेला, रिकामा झाला की त्या बाई पुन्हा भरत. नको म्हणणं बरं दिसेना म्हणून ही नऊ फिंजान प्यायली! पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा असतो, हे नवव्यानंतर कळलं. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. ती मात्र हसता हसता थांबली. "शुभा, हे माझ्या पोरांना शिकवायला हवं गं."

कारण तिच्या चौथीत सगळेच एकदम बोलायचे आणि ऐकायचं कुणीच नाही. तिने बाजारातून एक फिंजान आणला. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. बोलून झालं की त्याने पेला हलवायचा. मग ऐकणाऱ्याने त्याच्याच बोलण्यावर एक प्रश्न विचारायचा आणि नंतरच आपलं सांगायचं. पहिल्या आठवड्यात पोरं नुसती पेला हलवून "खलास, मिस!" ओरडायची. पण महिन्याभरात प्लायवूडपलीकडून एका वेळी एकच आवाज येऊ लागला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

त्या वर्गात अनिता होती, सहसा तोंड न उघडणारी. आई नर्स, वडील एसी मेकॅनिक. एकदा फिंजान तिच्या हातात गेला आणि ती म्हणाली, शुक्रवारी सुट्टी असूनही बाबा घरी नसतात. कुणीतरी नियमाप्रमाणे विचारलं, मग कुठे जातात? पोरगी खुलली. दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करतात, मला सायकल घेणार आहेत. पलीकडे मी खडू हातात धरून ऐकत होते.

ज्याच्या नावावर व्हिसा, त्या कफीलला न सांगता बाहेर काम करणं तिथे गुन्हा होता. हे मला ठाऊक होतं. तरी चार दिवसांनी अल नस्र भागातल्या एका हळदीकुंकवाला, हातात वाण घेऊन, मी ते बोलून बसले. कौतुकाने बोलले हो, किती राबतो बिचारा म्हणून! ऐकणाऱ्यांत एकीचा नवरा अनिताच्या वडिलांच्याच कंपनीत होता. पंधरवड्यात त्या माणसाचा व्हिसा रद्द झाला आणि ते कुटुंब गेलं.

शेवटच्या दिवशी अनिताने फिंजान घेतला, एक अक्षर बोलली नाही, नुसता हलवला आणि परत दिला. हे सांगताना सेलिन रडत होती. "मीच तिला बोलतं केलं. पोरांनी घरोघरी सांगितलं असणार." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझी काय चूक?" म्हणाले. पुढचं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. तिने तो तास कायमचा बंद केला. पलीकडून पुन्हा गलका येऊ लागला, आणि मी फळ्याकडे तोंड करून गणितं सोडवत राहिले.

गेल्या वर्षी वसईला तिला भेटले. खूप थकली होती. तिने कपाटातून फिंजान काढून माझ्या हातात ठेवला. "बोल." मी गुडघ्यांचं सांगितलं, नातवाचं सांगितलं आणि पेला हलवला.

"अनिताची आठवण येते तुला?" तिने विचारलं.

माझ्या बोलण्यात अनिता कुठेच नव्हती. आपला नियम तिने पहिल्यांदाच मोडला होता. "येते," मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली... मग म्हणाली, "चहा टाकते." तिला माहीत होतं का? तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या मुलीने तो फिंजान वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला. आईनेच सांगून ठेवलं होतं म्हणे. डाव्या हातात तो धरूनच हे लिहिलं.

सेलिन, ते मी बोलले. तू नाहीस, तुझी पोरंही नाहीत. पेला हलवून ठेवलाय. आता प्रश्न तू विचारायचास.